गळ्यातली आक्का

मला नर्स व्हायचं होतं ते पांढऱ्या कपड्यांसाठी, हे आधीच सांगून टाकते. आमच्या जांबोटीकडं वर्षातले चार-पाच महिने सगळंच चिखलानं माखलेलं असतं, माणसं, म्हशी, शाळेची दप्तरं. त्यात सरकारी दवाखान्यातली सिस्टर तेवढी पांढरीशुभ्र. ही बाई एवढ्या राडीत अशी कशी राहते, याचंच मला लहानपणी कौतुक. पीयूसी, म्हणजे बारावी, झाल्यावर मी घरात जाहीर करून टाकलं की मी नर्सिंगला जाणार.

निपाणीला माझी मावशी एका खासगी दवाखान्यात आया आहे. तिनं हे ऐकलं आणि फोनवर हसतच सुटली. मला असा राग आला की बास. ती म्हणाली, ॲडमिशनला अजून अवकाश आहे, तोवर एखादा पेशंट सांभाळून बघ. दुसऱ्याचं हागणं-मुतणं काढता आलं तर पुढचं बोलू, नाहीतर गप बीकॉमला जा. मी म्हटलं, बघतेच. माझा स्वभावच तसला. तुला जमणार नाही असं कुणी म्हटलं की मला तेच करायचं असतं.

पेशंट म्हणजे एक आज्जी. संकेश्वरच्या अलीकडं, रस्त्यापासनं आत, चारी बाजूंनी ऊस असलेल्या घरात राहणारी. न्हाणीत घसरून पडली होती आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. घरात तिचा मुलगा, साठीला टेकलेला, आणि सून. नातवंडं पुण्याला आणि बेंगळुरूला. मुलाला सगळा गाव आण्णा म्हणायचा, मीही तेच म्हणायला लागले. सुनेला काकू.

बेळगावच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. ऑपरेशन केलं तर म्हातारी धरून-धरून चालेल. नाही केलं तर खाटेवरच राहील, आणि या वयात खाटेवर पडलेलं माणूस फार दिवस काढत नाही. आज्जीनं ऑपरेशन नको म्हणून सांगितलं. का नको, ते सांगितलं नाही. सगळ्यांनी आपापल्या मनानं ठरवलं की म्हातारी सुरीला भ्याली. मग घरीच पायाला वजन बांधून ठेवलं आणि तिचं करायला मला आणलं.

पहिले काही दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. भांडं द्यायचं, भांडं काढायचं, धुवायचं. मला उमासा यायचा, मी मागच्या दारी जाऊन ओकून यायची आणि तोंड धुऊन पुन्हा हसतमुख. आज्जीला ते कळायचं. ती डोळे मिटून घ्यायची, जणू तिला काही दिसलंच नाही. त्या डोळे मिटण्यावर माझा जीव जडला. पुढं पुढं मला सवय झाली. एका अंगावरनं दुसऱ्या अंगावर कसं वळवायचं, टाच खाटेला टेकू नये म्हणून पायाखाली उशी कुठं द्यायची, पाठ पुसून कोरडी कशी ठेवायची, हे मावशी फोनवर सांगायची आणि मी करायची.

गळ्यातली ती वस्तू मला गोळी देताना दिसली. आज्जीच्या हातावर गोळी ठेवली की ती लगेच तोंडात टाकायची नाही. लुगड्याच्या आत हात घालायची, काळ्या दोऱ्यात ओवलेला एक चांदीचा टाक बाहेर काढायची, गोळी त्याला टेकवायची आणि मग गिळायची. चहाचंही तसंच. बोट कपात बुडवून एक थेंब आधी टाकाला. देव्हाऱ्यात असतात तसला तो टाक, बोटाच्या पेराएवढा. त्यावर एक बाई उठवलेली. दोन डोळे, नाक, पदर, बाकी सगळं झिजून गेलेलं. मला वाटलं यल्लम्मा असेल नाहीतर कुलदेवता. अंग पुसताना मी तो सहज बाजूला सारायला गेले तर आज्जीनं माझं मनगट असं धरलं की वळ उठला.

मग तिनंच सांगितलं, हळूहळू, तुकड्या-तुकड्यानं. तो सवतीचा टाक होता. पहिली बायको मेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, तर दुसरीनं पहिलीला गळ्यात वागवायचं, अशी आमच्याकडं जुनी रीत आहे. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, सणाचा घास आधी तिला. म्हणजे मेलेलीचा जीव शांत राहतो, संसारात घोटाळत नाही. आता कुणी करत नाही. माझ्या आईनं मला अशा बायकांच्या गोष्टी सांगितल्या होत्या, पण गळ्यात सवत असलेली जिवंत बाई मी पहिल्यांदाच बघत होते.

आज्जीची सवत बाळंतपणात गेली. बैलगाडीतनं निपाणीला नेत होते, वाटेतच बाळंत झाली आणि वाटेतच गेली. पोर राहिलं. ते पोर म्हणजे आण्णा. आज्जी या घरात सून म्हणून आली तेव्हा तिची सोळा वर्षं भरली नव्हती, आणि लग्नाच्याच दिवशी तिच्या मांडीवर हे रडकं पोर ठेवलं गेलं. टाकही त्याच दिवशी गळ्यात पडला. सवतीला ती आक्का म्हणायची. आयुष्यात कधी न बघितलेल्या बाईला आक्का.

मी विचारलं, तुमचं स्वतःचं मूल का झालं नाही. असं तोंडावर विचारू नये, मला अक्कल कमीच. पण आज्जी रागावली नाही. पहिल्याच वर्षी पोराला ताप भरला, वाचेना असा, तेव्हा तिनं टाक मुठीत धरून आक्काला सांगितलं होतं की हे एवढं माझ्याकडं राहू दे, मी माझ्या पोटचं मागणार न्हाय. ताप उतरला. तिनं मागितलं नाही, आणि झालंही नाही.

मग मला सगळा उलगडा झाला. ऑपरेशनच्या खोलीत नेताना अंगावर धातू ठेवत नाहीत. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सगळं उतरवून ठेवा. म्हातारी सुरीला भ्यालीच नव्हती. टाक गळ्यातनं निघाला की आक्का मोकळी झाली, आणि मोकळी झालेली आक्का आपलं पोर मागणार, ही तिची भीती. दोरा कुजला तरी ती आधी नवा दोरा गळ्यात घालून, टाक त्यात ओवून मगच जुना कापायला लावायची. म्हाताऱ्या आण्णांना, ज्यांना स्वतःला शुगर आणि बीपी, त्यांना नेऊ नये म्हणून ही बाई मोडक्या खुब्यानं पडून राहिली होती.

मी हे काकूंना सांगितलं. काकूंनी कपाळाला हात लावला, त्यांना ते कधीचं माहीत होतं, एवढंच की ऑपरेशनशी त्याचा संबंध त्यांनी जोडला नव्हता. आण्णांना सांगायचं धाडस दोघींनाही होईना. टाकाचा विषय निघाला की ते उठून उसात निघून जायचे. लहानपणापासनं. त्यांच्या जन्मदात्रीचा फोटो नाही, तिचं नाव घरात कुणी घेत नाही, तिचं म्हणून जे काही उरलं होतं ते आज्जीच्या गळ्यात. पण आण्णांनी तो टाक कधी हातात घेऊन बघितला नव्हता.

तेवढ्यात पाठीवर जखम झाली. मी एवढं जपूनसुद्धा माकडहाडापाशी कातडी लाल झाली, मग काळपट झाली, मग फाटली. मावशी मुद्दाम निपाणीहून बघायला आली. तिनं जखम बघितली, पदरानं तोंड पुसलं आणि मला बाहेर नेऊन सांगितलं की आता हे वाढतच जाणार, म्हातारी उठून बसली तरच थांबेल. मला रडू कोसळलं. मी तिचं हागणं-मुतणं काढलं ते ही अशी कुजून मरायला का?

त्या दिवशी मी आज्जीशी भांडले. पेशंटशी भांडू नये, पण मी भांडले. टाक देव्हाऱ्यात ठेवू म्हटलं, तर नको, गळ्याचा टाक गळ्यातच पाहिजे, बाईच्या. काकूंनी घालावा म्हटलं तर काकू मागं सरकल्या. त्यांचंही खरंच होतं. टाकातली बाई त्यांची सासू, ती सवत म्हणून गळ्यात कशी घालणार, आणि नवरा समोर धडधाकट असताना सवतीचा टाक घालणं म्हणजे त्याच्या दुसऱ्या लग्नाला आवतण. शेजारपाजारच्या बायकांना विचारायची सोयच नव्हती. मला संताप आला सगळ्यांचा, त्या मेलेल्या बाईचासुद्धा.

"आणा हिकडं," मी म्हटलं. "मी घालते."

बिनलग्नाच्या पोरीनं सवत गळ्यात घेतली तर तिचं लगीन व्हायचं न्हाय, असं आज्जी म्हणाली. मी म्हटलं, लग्न कुणाला करायचंय, मला नर्स व्हायचंय, आक्का माझ्याबरोबर दवाखान्यात हिंडेल. आज्जीला हसू आलं. आल्यापासनं मी तिला पहिल्यांदा हसताना बघत होते. सवत गळ्यात घेतल्याचं मी माझ्या आईला अजून सांगितलेलं नाही.

बेळगावच्या हॉस्पिटलात, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, पडद्याआड आम्ही ते केलं. आधी ऑपरेशनचा हिरवा गाऊन टाकाला टेकवून झाला. मग मी नवा काळा दोरा स्वतःच्या गळ्यात घातला, खाली वाकले, आज्जीनं माझ्या दोऱ्यात टाक ओवून गाठ मारली आणि मग काकूंनी तिचा दोरा कापला. आज्जी टाकाला म्हणाली, "आक्का, ही पोरगी चांगली हाय. हिच्यापाशी थांब." मग तिनं डोळे मिटले आणि तिला घेऊन गेले.

माझा यातल्या कशावर विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. पण टाक गार असतो हे मला माहीत नव्हतं. चांदी अंगाला लागली की थोड्या वेळानं ऊबदार व्हायला पाहिजे. हा झाला नाही. बाहेरच्या बाकावर आण्णा एका टोकाला, मी एका टोकाला, आणि छातीवर तो गार ठिपका. आण्णांना माझ्या गळ्यातला दोरा दिसत होता. ते माझ्याकडं बघत नव्हते, समोरच्या भिंतीवरच्या कन्नड पाट्या वाचत बसले होते.

वरच्या मजल्यावर बाळंतिणींचा वॉर्ड होता. तिथं कुठलं तरी मूल रडायला लागलं. नुकतं जन्मलेलं असावं. मी बाकावर बसले होते एवढं मला पक्कं आठवतं. आणि मग आण्णांनी मला हाक मारली, "पोरी, कुठं निघालीस?" बघते तर मी जिन्याच्या निम्म्यात उभी. कठड्याला धरलेलं. मी तिथवर कधी गेले, काय म्हणून गेले, मला सांगता येत नाही. तहान लागली होती असं काहीतरी बोलून मी खाली आले. वरचं मूल रडायचं थांबलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. पुढचंही आत्ताच सांगते, उगीच जीव टांगणीला नको. आज्जी वाचली. पाठीची जखम भरायला वेळ लागला, पण भरली. वॉकर घेऊन ती अंगणापर्यंत चालायला लागली. टाक तिनं डिस्चार्जच्या दिवशी हात पुढं करून मागून घेतला, पुन्हा तसाच, आधी नवा दोरा आणि मग जुना कापायचा. मी आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अजूनही कधीकधी मानेवर दोरा असल्यासारखं वाटतं, मी हात लावून बघते, नसतो.

आमच्या मॅडमनी परवा शिकवलं की मोठ्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो. विशेषतः संध्याकाळी. त्यांना आपलं नाव सांगायचं, जागा सांगायची, वार सांगायचा, आणि त्यांच्या भ्रमात आपण सामील व्हायचं नाही. मी ते लिहून घेतलं. लिहिताना माझा हात गार पडला होता.

आज्जीच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, वॉर्डातले दिवे नुकतेच लावले होते. काकू चहा आणायला गेल्या होत्या, आण्णा खाली औषधं आणायला. आज्जी दुपारपासनं चादर चिवडत होती, सलाईनची नळी ओढत होती. मी तिचा हात धरून स्टुलावर बसले होते. अचानक ती थांबली. तिची नजर माझ्या गळ्यावर आली, आणि तिथनं माझ्या तोंडावर.

"आलीस व्हय, आक्का," ती म्हणाली.

मी म्हटलं, आज्जी, मी हाय, तुमची पोरगी, आपण हॉस्पिटलात हाय. तिला ऐकूच गेलं नाही. सलाईनच्या सुईसकट तिनं हात जोडले. तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं.

"मला ने," ती म्हणाली. "त्याला नगं नेऊस. मला ने."

आणि ती उठायला लागली. नुकता बसवलेला खुबा. तो पाय वाकडा पडला तर सगळं केलेलं फुकट. मी तिचे खांदे दाबले, तर त्या हाडाच्या सापळ्यात कुठनं बळ आलं कोण जाणे, तिनं मलाच उचललं. मी सिस्टरला हाक मारली. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी फिट आलेली, सगळ्या तिकडं. आज्जी जीव खाऊन ओरडायला लागली, नगं नगं नगं. तेव्हा माझ्या तोंडातनं निघालं.

"न्हाय नेत," मी म्हटलं. "तुझाच हाय त्यो."

ती एकदम शांत झाली. माझा घसा कोरडा पडला होता म्हणून असेल, पण तो आवाज मला माझा वाटला नाही. जरा जाड होता, थोराड बाईचा. आज्जीनं पाय सरळ सोडला, पाठ टेकली. कितीतरी वेळ माझ्याकडं बघत राहिली, घरी आलेल्या पाहुणीकडं बघावं तसं. मग म्हणाली, "मग एकदा जवळ घे त्याला. जन्मला तवा तुला घ्यायला गावला न्हाय."

तिची नजर माझ्या मागं गेली म्हणून मी वळले. पडद्यापाशी आण्णा उभे होते, हातात औषधांची पिशवी. कधीपासनं उभे होते कुणास ठाऊक. मला वाटलं आता हा माणूस मला उभी फाडणार. त्याच्या मेलेल्या आईचं सोंग मी एकोणीस वर्षांची पोरगी त्याच्यासमोर करत होते. मी उठायला लागले.

"बस," ते म्हणाले.

त्यांनी पिशवी खाटेखाली ठेवली. डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली. मग स्टुलाजवळ, त्या फिनेलच्या वासाच्या फरशीवर खाली बसले, आणि आज्जीला दिसेल असं आपलं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं.

मी हात ठेवला. टक्कल घामेजलेलं, कानामागं पांढरे खुंट. आज्जीनं बघितलं, हुश्श केलं आणि तिची मान कलंडली. मी घाबरून तिच्या नाकाशी बोट धरलं. झोप लागली होती. म्हटलं आता झालं, आण्णा उठतील. ते उठले नाहीत. त्यांच्या पाठीला हुंदक्यानं मोठमोठे हिसके बसत होते आणि आवाज मात्र अजिबात नव्हता.

मला हात काढून घ्यायचा होता, शपथेवर सांगते. मला लई भ्या वाटत होतं. पण हात त्यांच्या टाळूवरनं मागं जात होता, मानेच्या खळगीत थांबून डोकं अलगद तोलून धरत होता, आणि पुन्हा टाळूवर येत होता. तान्ह्या पोराचं डोकं असं धरतात, हे मी पुढं कॉलेजात शिकले. त्या संध्याकाळपर्यंत मी आयुष्यात एकही तान्हं मूल हातात घेतलेलं नव्हतं.